डावं दाबलं तरी चारही

डॉक्टरांची जीप सोमवारी नापास झाली. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. बालवाडीपासून स्वतः कधी कुठे नापास न झालेला माणूस. त्यामुळे ही बातमी त्यांनी घरात अशा चेहऱ्याने सांगितली की बायकोला वाटलं, कुणीतरी गेलं.

"सिग्नलचे दिवे मंद आहेत म्हणे," डॉक्टर खुर्चीत कोसळत म्हणाले. "शुक्रवारी चारच्या आत पुन्हा तपासणीला आणायची. नाहीतर कायमची बाद."

"मंद तर आहेतच," बायको म्हणाली. कोण, ते तिने सांगितलं नाही.

ही जीप डॉक्टरांनी लग्नाच्या वर्षी डोंगर चढण्यासाठी घेतली होती. बावीस वर्षांत ती एकूण दोनदा डोंगर चढली आणि त्यातल्या एका वेळी ट्रॅक्टरच्या मागे दोराला बांधून खाली आली. बाकीचा काळ ती घराशेजारच्या शेडमध्ये उभी होती. बायको मातीची भांडी करायची, शिकवायचीही. तिचं चाक गेले चार महिने जेवणाच्या टेबलाच्या जागी होतं आणि टेबल बाल्कनीत उभं केलेलं होतं, त्यामुळे घरातली माणसं ओट्याशी उभ्याने जेवत होती. तिला ती शेड हवी होती. विषय निघाला की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे.

"अगं, कागद संपलेली गाडी रस्त्यावर लावली तर उचलून नेतील. एकदा पास होऊ दे, मग बाहेरच ठेवतो की!"

त्या सोमवारी मात्र बायकोने उत्तर ऐकून घेतलं नाही. तिने डॉक्टरांच्या समोर फोन कानाला लावला. "हॅलो, भंगारवाले दादा ना? हो, जीपच. शुक्रवारी चारपर्यंत पास झाली तर आमची, नाही झाली तर तुमची. शनिवारी सकाळी या." मग तिने खडू घेतला आणि शेडमध्ये जीपच्या चारही बाजूंनी रेघा मारल्या: इथे चाक, इथे भट्टी, इथे फळ्या. पुढच्या बोनेटवर तिने 'बादली' असं लिहिलं. ते वाचून डॉक्टरांना रात्री जेवण गेलं नाही.

मंगळवारी मेव्हणा उगवला. हा बायकोचा धाकटा भाऊ. पाण्याचे फिल्टर विकायचा, आणि फिल्टर सोडून जगातलं सगळं त्याला कळायचं.

"सहज आलो होतो," असं म्हणत त्याने पिशवीतून एक खोकं काढलं. "भाऊजी, बल्बचा जमाना गेला. एलईडी टाका. असे चमकतील की तपासणारा साहेब डोळे चोळत बसेल."

"आधी त्या दिव्यांच्या काचा पुसून बघा," बायको चाकावरून म्हणाली.

दोघंही हसले. "ताई, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे," मेव्हणा समजुतीने म्हणाला. "फडक्याचं काम नाही."

बुधवार-गुरुवार दवाखान्यात गर्दी होती. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी दोन दाढा उपटल्या आणि पांढऱ्या कोटासकट शेड गाठली. डोक्याला दिवा, हातात मोजे, एका हातात तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा. रोज पेशंटला 'घरगुती उपाय करू नका' म्हणून झापणारा हा माणूस जीपपुढे गुडघे टेकून बसला. जुने चार बल्ब त्यांनी हळुवारपणे उपटले आणि स्टीलच्या ट्रेमध्ये कापसावर ठेवले.

नवे दिवे बसवले. पेटेनात.

"उलटे बसलेत," मेव्हणा मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "बल्बला उलटं-सुलटं चालतं. एलईडीला नाही चालत. नाजूक असतो."

सुलटे बसवले. पेटले. पण मिचकेनात. बटण दाबलं की डोळे वटारल्यासारखे नुसते बघत राहायचे.

"ह्यॅ, हे तर होणारच!" मेव्हणा म्हणाला. हे त्याने आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टरांच्या जिभेवर आलं होतं. "आत एक डबी असते, फ्लॅशर. जास्त करंट गेला की ती तापते, तापली की टिकटिक करते. एलईडी करंट खातच नाही, मग ती तापणार कशाला? नवी डबी टाकू."

नवी डबी आणण्यात दुपारचे दोन वाजले. ती बसवली. डॉक्टरांनी देवाचं नाव घेऊन डावं बटण दाबलं. टिक-टॉक, टिक-टॉक! डावा दिवा मिचकला. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून मेव्हण्याचा आवाज आला.

"भाऊजी, तुम्ही डावं दाबलंय ना?"

"हो. का रे?"

"उजवापण मिचकतोय. चारही मिचकतायत."

उजवं दाबलं. चारही मिचकले. मेव्हणा दहा मिनिटं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला आणि निदान घेऊन वर आला. जुन्या गाडीत चालकासमोर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असतो. त्यातून थोडासा करंट पलीकडच्या बाजूला झिरपतो. जुने बल्ब तेवढ्याशा करंटला भीक घालत नसत. एलईडी मात्र तेवढ्यावर खूश होऊन पेटतात.

"मग आता?"

"आता काही नाही. सव्वातीन वाजलेत. निघू या. रस्त्यात काहीतरी सुचेल."

बायको चाकावरून तशीच उठून आली. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल मातीने भरलेले, एप्रनवर ओघळ. "मी येणार. निकाल मला माझ्या डोळ्यांनी बघायचाय," म्हणत ती डॉक्टरांच्या डाव्या बाजूला बसली. मेव्हणा मागे, मांडीवर जुन्या बल्बांचा ट्रे.

पहिल्याच चौकात डावीकडे वळायचं होतं. डॉक्टरांनी डावं दाबलं, चारही मिचकायला लागले. मागच्या गाडीला कळेना हे महाशय कुठे निघालेत. जुन्या सवयीने बायकोने डावा हात खिडकीबाहेर काढला. लालभडक, ठिबकणारा. मदत म्हणून मेव्हण्याने मागून पांढरा टॉवेल फडकावला आणि ओरडला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!"

चौकातल्या हवालदाराने पाहिलं ते एवढंच: चारही दिवे मिचकणारी जीप, पांढऱ्या कोटातला डॉक्टर आणि लाल हात. त्याने प्राण कंठाशी आणून शिटी फुंकली, चारही बाजूंची वाहतूक थांबवली, मोटरसायकलला लाथ मारली आणि जीपच्या पुढे निघाला.

"अरे, हा का पुढे चाललाय?" डॉक्टर म्हणाले.

"वाट करून देतोय," मेव्हणा भारावून म्हणाला. "भाऊजी, बघा! एलईडीचा परिणाम!"

खरोखरच रस्ता मोकळा होत गेला. बस कडेला सरकली. एक ट्रकवाला उतरून आदबीने उभा राहिला. मागच्या दोन मोटारींनीही चारही दिवे लावले आणि त्या गंभीरपणे मागोमाग येऊ लागल्या. बायको ताठ बसली होती. हात आत घ्यायचं ती विसरली होती, किंवा मुद्दाम घेत नव्हती.

तपासणी कार्यालयाचं फाटक डाव्या हाताला आलं. डॉक्टरांनी पुन्हा डावं दाबलं, हॉर्न दिला, हातवारे केले. हवालदाराने मागे पाहिलं आणि पेशंट हातचा जातोय असं समजून वेग वाढवला. मागे मोटारी चिकटलेल्या, थांबायची सोय नाही. फाटक मागे पडलं.

मिरवणूक थेट हॉस्पिटलच्या दारात थांबली. दोन वॉर्डबॉय धावत आले, त्यांनी बायकोला अलगद उचलून स्ट्रेचरवर घातलं.

"अहो, तिला काही झालेलं नाही!" डॉक्टर ओरडले.

"नातेवाइकांनी बाजूला थांबा."

"मी डॉक्टर आहे!"

"कशाचे?"

"दातांचा," डॉक्टरांचा आवाज आपोआप खाली आला.

सिस्टरने ओल्या कापसाने हात पुसला, वास घेतला आणि म्हणाली, "ही माती आहे."

"फुलदाणीची," बायको स्ट्रेचरवरून म्हणाली. "अर्धी झालीय. पण जरा पडू द्या हो, चार महिन्यांत धड टेकायला जागा मिळाली नाही."

हवालदाराचा चेहरा बघवत नव्हता. भर रस्त्यात त्याने बसगाड्या अडवल्या होत्या, त्या एका फुलदाणीसाठी. सगळा प्रकार कळल्यावर तो दात-ओठ खात म्हणाला, "तपासणीला चालला होता ना? चला. मी स्वतः नेतो. हे दिवे कोण पास करतो तेच बघतो मी."

चारला पंधरा मिनिटं असताना जीप हवालदारासकट तपासणीच्या पट्ट्यावर उभी राहिली. साहेब ड्रॉवरला कुलूप घालत होते.

"डावा," साहेब म्हणाले.

चारही.

"उजवा."

चारही.

"बरं, धोक्याचे चारही लावा."

चारही.

"हे मात्र बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी नापासाचा शिक्का उचलला. मेव्हणा करंट कसा झिरपतो ते समजावू लागला, तेव्हा हवालदाराने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो वाक्य अर्धवट टाकून ट्रेकडे बघत बसला. डॉक्टर जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभे होते. 'बादली' हा शब्द अजून पुसला गेला नव्हता. ट्रॅक्टरच्या मागून डोंगर उतरताना याच जीपमध्ये बायको पोट धरधरून हसली होती, ते त्यांना आठवलं. उद्या सकाळी भंगारवाला येणार आणि हिचे तुकडे करून नेणार.

"थांबा हो साहेब," बायको म्हणाली. "अजून बारा मिनिटं आहेत."

तिने मेव्हण्याच्या मांडीवरचा ट्रे उचलला. स्क्रू काढले, एलईडी काढले, कापसावरचे जुने बल्ब एकेक करून बसवले. मग दिव्यांच्या काचा पट्ट्याशेजारी भरून ठेवलेल्या बादलीत बुचकळल्या. पाणी चिखलासारखं झालं. एका काचेतून मेलेला कोळी निघाला, त्याच्या जाळ्यासकट. एप्रनच्या कोरड्या टोकाने तिने काचा लख्ख पुसल्या आणि लावल्या.

"दाबा डावं."

डावा दिवा मिचकला. नुसता डावा. आणि असा पिवळाधमक की हवालदाराचीसुद्धा मान हलली.

"उजवा," साहेब म्हणाले. नुसता उजवा.

"काचा पुसा, एवढंच तर सोमवारी सांगणार होतो," साहेब शिक्का बदलत म्हणाले. "पण हे ऐकूनच घेईनात. 'मंद' म्हटल्याबरोबर रागावून निघून गेले."

घरी येईपर्यंत डॉक्टरांना बायकोचे उपकार कसे फेडावेत ते सुचत नव्हतं. शेड तिच्या हातात आली होती, तिने ती सोडली, जीप वाचवली. त्यांनी जीप शेडकडे वळवली. बायको आधीच उतरून दारात दोन्ही हात पसरून उभी होती.

"कुठे?"

"आत," डॉक्टर म्हणाले.

"पास झाली ना? पास झाली की बाहेरच ठेवतो, कोण म्हणत होतं?"

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. "आणि नापास झाली असती तर?"

"तर भंगारात. शेड मोकळीच."

डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडून बायकोकडे पाहिलं. "म्हणजे डावं दाबलं काय अन् उजवं दाबलं काय..."

"चारही पेटतात," बायको म्हणाली.

"बरं, पण त्या भंगारवाल्याला तरी कळव. सकाळी येईल तो."

मागे मेव्हणा खोकला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "हा काय, आलाय की मंगळवारपासून. फोन मी यालाच लावला होता. नंतर तुमच्या नकळत पुन्हा लावला अन् म्हटलं, काहीही कर पण भाऊजींची जीप पास करून दे; भंगारात गेली तर माणूस जेवायचा नाही. हा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन येईल हे मला काय माहीत!"

डॉक्टरांना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं करून घेतलं. मग त्यांनी जीप मागे घेतली, रस्त्याच्या कडेला आणली आणि सवयीने डावं दाबलं.

"दिसला हो, दिसला," बायको शेडमधून ओरडली. "लावा आता, आणि चाक उचलायला या."