धम्मशीलाबाईंचं मत

"आजी, तुझी एअरलाइनचा ईमेल आली!" नात ईरा आपल्या मोडक्या मराठीत ओरडली, तशी धम्मशीलाबाईंनी लाटणं पोळपाटावर टाकून धाव घेतली.

ब्रिटनमधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्सची नोकरी करून बाई निवृत्त झाल्या होत्या. थोरल्या बहिणीला, नागपूरच्या चंदाताईला, भेटून पाच वर्षं उलटली होती. मुंबईचं तिकीट काढलं, तर विमान तीनदा रद्द झालं. आणि आता कंपनीच कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती.

"तू पण क्रेडिटर आहे, म्हणजे कंपनी तुला पैसे देणार आहे," ईरा वाचत म्हणाली. "बँका थोडा कर्ज सोडणार. पॅसेंजरनी रिफंड सोडायचा, व्हाउचर घ्यायचा. मंगळवारी ऑनलाइन व्होटिंग. नो म्हटलं तर कंपनी बंद."

"बंद कशी? मला जायचंय ना!"

मंगळवारी दुपारी बाई ठेवणीतली साडी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या. सभेचे अध्यक्ष तासभर आकडे सांगत होते. बाईंना ओ की ठो कळेना. तेवढ्यात ताईचा फोन आला. बाईंनी लॅपटॉपचा आवाज बंद केला. बंद झाला तो स्पीकर. माइक चालूच राहिला.

"जय भीम, ताई! अगं, येणार म्हणजे येणार! पाच वर्षं तुझ्या मांडीवर डोकं टेकलं नाही गं. सगळ्यांनी या कंपनीला सोडलं तरी मी सोडणार नाही!" बोलता बोलता बाईंना हुंदका आला.

पडद्यावरच्या चारशे जणांनी ते सगळं ऐकलं. ईराने धावत येऊन स्पीकर लावला.

"त्या काय म्हणतायत?" अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं. ईराने घाबरत जमेल तसं भाषांतर केलं. लंडनजवळच्या इल्फर्डच्या एका गृहस्थाने चष्मा काढून डोळे पुसले. अर्ध्या तासात कंपनी वाचवायची योजना प्रचंड बहुमताने मंजूर झाली. अध्यक्षांनी बाईंचं नाव घेऊन आभार मानले, टाळ्या पडल्या, आणि मग त्यांनी योजनेतलं एकोणिसावं पान वाचून दाखवलं. ते ईराने उघडलंच नव्हतं. कर्ज फेडायला लांब पल्ल्याची विमानं विकणार. यापुढे उड्डाणं फक्त युरोपात. व्हाउचर स्पेनला चालेल.

फोन अजून चालूच होता.

"काय झालं वं? टाळ्या कायच्या वाजून राहिल्या?" ताईने विचारलं.

"कंपनी वाचली, ताई."

"मंग कधी येऊन राहिली तू?"

"लांबची विमानं विकतायत गं. म्हणून तर वाचली."

फोन दोघींपैकी एकीनेही ठेवला नाही.