पाण्याला शॉक

कवडूनं सकाळी टबाचं झाकण उघडलं आणि त्याचं तोंडच उतरलं. पाणी हिरवंगार! सौंसरजवळच्या आपल्या संत्राबागेत वीरेंद्रनं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि अंगणात गरम पाण्याचा हा टब जमिनीत बसवला होता. पहिले पाहुणे उद्या नागपूरहून येणार होते.

वीरेंद्रनं बजावून ठेवलं होतं, "कवडूभाऊ, पानी काचेवानी पायजे. नाई तं फवारनीचा पंप तुमची वाट पाहूनच राह्यला."

तीस वर्षं तो पंप पाठीवर वाहून कवडूची कंबर गेली होती. टबाचं काम म्हणजे बसल्या जागी पगार. ते हातचं जाऊ द्यायला तो काही खुळा नव्हता.

त्यानं तपासणीची पट्टी पाण्यात बुडवली. पट्टीला रंगच येईना. मग टब बसवून देणाऱ्या अनुराधा मॅडमना फोन लावला.

"क्लोरीन संपलंय, काका. पाण्याला शॉक द्या."

"शॉक? पान्याले?"

"हो. झाकण उघडं ठेवा आणि तोवर कोणाला आत उतरू देऊ नका."

"शॉक चालू असल्यावर कोन उतरते जी?" कवडू म्हणाला आणि फोन ठेवला.

आता शॉक म्हणजे क्लोरीनची भुकटी एकदम जास्त टाकणं, हे मॅडमना ठाऊक. कवडूला ठाऊक असलेला शॉक एकच, कुंपणाच्या झटका मशीनचा. जनावरं बागेत शिरू नयेत म्हणून ती तारेत झटके सोडते. त्यानं मशीन कुंपणावरून काढून आणली आणि तिची तार टबात सोडली. मशीन टक्‌टक् करू लागली. दर वेळी टक् झालं की कवडू वाकून पाणी बघायचा. दोन तास झाले, बॅटरी बसली, पण पाणी जसंच्या तसं. मोठं कोडगं पाणी होतं ते! तार गुंडाळून तो मशीन चार्जिंगला लावायला खोलीत गेला.

बाहेर येऊन बघतो तर टबात म्हैस. शेजारीण जयवंताची. कुंपणात झटका नाही म्हटल्यावर ती थेट आत आली होती आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून रवंथ करत होती.

तेवढ्यात वीरेंद्र आला.

"अरे बाप रे! पानी कसं हिरवं करून टाकलं हिनं," वीरेंद्र म्हणाला. "अन् झटका मशीन कुठं हाय?"

"बॅटरी बसली जी. चार्जिंगले लावली," कवडू म्हणाला. "सकाळपासून ह्या पान्यामांगं मेहनत करून राह्यलो होतो."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"तुमचा काय दोष? सारं पानी सोडून द्या, बोअरचं नवं भरा," असं म्हणून वीरेंद्र उलट त्याच्याच पाठीवर हात ठेवून गेला.

म्हशीला शोधत जयवंता आली. आधी चांगलीच ओशाळली, मग टबातून निघालेल्या म्हशीकडे बघतच राहिली.

"भाऊ, आंग कसं चमकून राह्यलं हिचं," ती हळूच म्हणाली. "उद्या किती वाजता आनू?"

कवडूनं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"उद्या नोको, बाई. पानी हिरवं झालं का मीच फोन करतो."