काळजाला पस्तीस टक्के

एका जंगलात, मुलांनो, कुणाला किती मार्क पडले हे सगळ्यांना तोंडपाठ असे. पाहुणा आला की आधी टक्के विचारत, मग पाणी. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास, आणि पिल्लाला नव्वदच्या खाली पडले तर आईबाप पाणवठ्यावर तोंड दाखवत नसत. तुमच्या घरी असलं काही नसतं, मला माहीत आहे. पण शेवटी ते जंगलच.

तिथे एक गवा राहत होता. नाव दौलतराव. दौलतराव अंगाने ही एवढी टेकडी, पण शाळेत कधी म्हणून पास झाले नव्हते. शेवटी गुरुजींनीच हात जोडले आणि दौलतराव चरायला मोकळे झाले. त्यांची बायको गिरजाबाई. संसार तिने नेटका केला, पण एक गोष्ट तिला कायम सलत असे. शेजारच्या करवंदीच्या जाळीत भेकरं राहत होती. भेकर म्हणजे बकरीएवढं हरीण, पण भुंकतं कुत्र्यासारखं. भेकरवहिनी रोज सकाळी मान वर करून आपल्या घरचं कौतुक भुंकायच्या आणि ते पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू जायचं.

त्या वर्षी दौलतरावांना दम लागायला लागला. पूर्वी ते एका दमात टेकडीवर जाऊन तिथली खारट माती चाटून यायचे. आता अर्ध्या वाटेत थांबत आणि म्हणत, "काय छान हवा आहे." पाय सुजले. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून जांभळीच्या बुंध्याला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले.

"अहो, एकदा दाखवून या," गिरजाबाई म्हणे.

"गॅस आहे," दौलतराव म्हणत. "ओव्याची पानं आण."

उतारावरचा सगळा ओवा संपला, दम काही गेला नाही. गिरजाबाई घाबरली होती. ती त्यांचा श्वास ऐकत पडून राही, आणि मधेच तो ऐकू आला नाही की शिंगाने त्यांना हळूच ढोसून बघे. पण मी घाबरलेय असं म्हणायची रीत तिच्या माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती. म्हणून ती नुसती चिडल्यासारखी बोलायची.

अशात नदीकाठच्या गुहेत काळजाच्या तपासणीचं शिबिर भरलं. डॉक्टर होत्या लटकेबाई. त्या वटवाघूळ. अंधारात आवाज सोडायचा, तो आपटून परत येतो तो ऐकायचा आणि समोर काय आहे ते ओळखायचं, ही त्यांच्या घराण्याची विद्या. तीच त्या काळजावर चालवत. कापाकापी नाही, दुखणं नाही. छातीला कोरफडीचा गार गर चोळायचा आणि डाव्या कुशीवर पडायचं. काळीज केवढं आहे, त्याच्या भिंती कशा हलतात, आतल्या झडपा नीट मिटतात का, ते सगळं लटकेबाईंना परतलेल्या आवाजात दिसे. आणि एका ठोक्याला काळीज आतलं किती रक्त पुढे ढकलतं, ते त्या आकड्यात सांगत. तो आकडा टक्क्यांत असे.

टक्के म्हटल्यावर त्या जंगलात काय होणार, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

दौलतराव शिबिराला जायला तयार नव्हते. "मला काय धाड भरलीय," ते म्हणाले.

"नका जाऊ," गिरजाबाई म्हणाली. "भेकरभावजी सकाळीच नंबर लावून आलेत. सहज आपलं कानावर घातलं."

दौलतराव उठले.

गुहेच्या तोंडाशी सगळं जंगल जमलं होतं. आधी भेकरभावजी झाले. "साठ," लटकेबाई म्हणाल्या. "उत्तम आहे. घरी जा." त्यातलं भेकरवहिनींनी साठ एवढंच ऐकलं आणि फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास असं सात वेळा भुंकून सांगितलं. मग सशाला अठ्ठावन्न पडले. त्याचा फर्स्ट क्लास दोन टक्क्यांनी हुकला म्हणून त्याच्या आईने त्याला तिथेच दोन धपाटे घातले. "अहो, चांगलं आहे त्याचं," लटकेबाई ओरडून सांगत होत्या. पण निकालाच्या दिवशी परीक्षकाचं कोण ऐकतो?

मग दौलतरावांची पाळी आली. लटकेबाईंनी एकदा आवाज सोडला. पुन्हा सोडला. मग हळूच म्हणाल्या, "पस्तीस. दौलतराव, तुम्ही जाऊ नका, मला जरा बोलायचंय."

पण दौलतराव केव्हाच उठून बाहेर आले होते. छातीवर गर तसाच. डोळ्यांत पाणी.

"गिरजे," ते म्हणाले, "पास झालो."

त्यांनी अख्ख्या जंगलात मोहाची फुलं वाटली. प्रत्येक दारात ते बराच वेळ थांबत. ते श्वास घ्यायला थांबत, लोकांना वाटे कौतुक ऐकायला थांबलेत. त्यामुळे कौतुकही पुष्कळ झालं. लटकेबाईंनी त्यांना बोलवायला निरोप्या पाठवला, तो फुलं खाऊन आणि अभिनंदन करून परत गेला. इकडे कोल्ह्याने वडाखाली क्लास उघडला. साठाचे नव्वद करून देतो म्हणाला. ससा आणि भेकरभावजी, म्हणजे ज्यांना काही झालं नव्हतं ते सगळे, भर उन्हात टेकडीला फेऱ्या मारू लागले.

खरं सांगायचं तर गिरजाबाईलाही बरं वाटलं होतं. काही झालं तरी आयुष्यात पहिल्यांदा पास झाला होता माणूस. म्हणजे गवा.

संध्याकाळी ती पाणवठ्यावर गेली. भेकरवहिनी तिथे होत्याच.

"अभिनंदन हो," त्या म्हणाल्या. "काठावर का होईना, पास म्हणजे पास. आमच्या ह्यांना साठ पडले, पण आम्ही कुठे बोललो? आणि गिरजाबाई, मनाला लावून घेऊ नका. मोठ्या देहांना जरा कमीच पडतात."

गिरजाबाईने पाण्याला लावलेलं तोंड न पिताच वर उचललं. ती तशीच घरी आली. दौलतराव जांभळीला टेकून बसले होते, धापा टाकत.

"उठा," ती म्हणाली.

"कुठे?"

"फेरतपासणीला. त्या बाईंची काहीतरी चूक झालीय. त्या मुठीएवढ्या भेकराला साठ आणि तुम्हाला पस्तीस? मी नाही ऐकून घेणार."

"अगं, पास झालोय ना मी?"

"पंचवीस कमी आहेत. उठा म्हणते ना."

नवऱ्याला मागून ढकलत तिने गुहेपर्यंत नेलं. चढ फारसा नव्हता, तरी दौलतरावांनी वाटेत चारदा हवेचं कौतुक केलं. चौथ्यांदा त्यांना शब्दच फुटेना, नुसतीच मान हलवली. तेव्हा गिरजाबाई ढकलायचं सोडून त्यांना अंगाचा टेका देत चालू लागली.

"पुन्हा मोजा," ती लटकेबाईंना म्हणाली.

त्यांनी पुन्हा मोजलं. पस्तीसच.

"गिरजाबाई, हे मार्क नाहीत," लटकेबाई म्हणाल्या. "ह्यात शंभर कुणालाच पडत नाहीत. चांगल्यातलं चांगलं काळीजसुद्धा एका ठोक्याला आतलं निम्म्याहून थोडं जास्त रक्त पुढे टाकतं, बाकीचं ठेवून घेतं. पंचावन्न ते सत्तर म्हणजे ठणठणीत. पस्तीस म्हणजे काळीज थकलंय. त्याला ढकलायला जोर पुरत नाही, म्हणून पाणी पायांत साठतं, छातीत साठतं. दम त्याचाच आहे."

दौलतराव आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होते.

"म्हणजे नापास," ते म्हणाले.

"म्हणजे औषध," लटकेबाई म्हणाल्या.

"बरे होतील ना हो हे?" गिरजाबाईने विचारलं. आवाजात चीड अजिबात नव्हती. दौलतरावांनी तो आवाज लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला आणि ते जास्तच घाबरले.

"वेळेत आणलंत. आणखी थोडे दिवस हे फुलं वाटत हिंडले असते, तर मी काही सांगू शकले नसते. पण काळीज थकलंय एवढंच मला कळलं. का थकलं, ते कळायला दुसरी तपासणी लागेल."

दुसऱ्या तपासणीला एक म्हातारी कोळीण होती, जाळं विणणारी. तिने पुढच्या पायाच्या रक्तवाहिनीतून केसाहून बारीक सूत सरकवत काळजापर्यंत नेलं आणि तिथे रंग सोडला. रंग कुठून सरळ वाहतो आणि कुठे अडतो, ते बघायचं. "पंप कसा चालतो ते मी बघते," लटकेबाई म्हणाल्या, "आणि पंपाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या कुठे तुंबल्यात, ते ह्या बघतात. एकीचं काम दुसरीला जमत नाही." एक नळी तुंबलेली निघाली. कोळिणीने तिथल्या तिथे इवलीशी जाळी विणून ती उघडी करून ठेवली.

मग पाल्याची औषधं सुरू झाली. पाणी मोजून. आणि टेकडीवरची खारट माती कायमची बंद. हे ऐकल्यावर मात्र दौलतराव उसळले.

"मग वर जाऊन करू काय?"

"हवा खा," गिरजाबाई म्हणाली. "छान असते म्हणे."

पाऊस संपला, थंडी पडली, मोह पुन्हा फुलला. एका सकाळी दौलतराव कुठेही न थांबता टेकडीवर गेले, मातीकडे न बघता खाली आले, आणि दोघं गुहेत गेली.

"अठ्ठेचाळीस," लटकेबाई म्हणाल्या.

"अजून बारा कमी आहेत," गिरजाबाई म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं, कारण तिचे डोळे भरून आले होते.

लटकेबाई गराची वाटी आवरत होत्या. "गिरजाबाई, तुमचंही बघून टाकू. आज चढावर तुम्हीच दोनदा थांबलात. मला वरून दिसतं सगळं."

"हवा बघत होते मी," गिरजाबाई म्हणाली. "मला काय धाड भरलीय?"

"बरं, राहिलं. भेकरवहिनी कालच करून गेल्या, म्हणून विचारलं. बासष्ट आले त्यांना."

गिरजाबाई दारापर्यंत गेली होती. ती थांबली. मागे आली. डाव्या कुशीवर पडली.

"चोळा तो गर," ती म्हणाली.

भेकरवहिनी खरंच येऊन गेल्या होत्या का, मुलांनो, ते मी लटकेबाईंना विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तात्पर्य : शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तुलना करू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. पण पुढे घर बघायला जाल, तेव्हा शेजारी असा निवडा की ज्याचं बरं चाललेलं आपल्याला मुळीच बघवणार नाही. काळजाला तो फार मानवतो.