राणीच्या घशातली गाठ आणि चिमुकलं झाड

एका जंगलात, बाळांनो, एक वाघीण राज्य करायची. तिच्या घशात गाठ आली. डरकाळी फोडायला जावं, तर म्याऊ निघे. ते ऐकून पलीकडच्या रानातले रानकुत्रे ओढ्याकाठी येऊन बसले आणि जिभल्या चाटू लागले.

साळिंदर वैद्यांनी कडू मुळी उगाळून पाजली. गाठ जराशी विरली, पण राणीच्या मिशा गळाल्या.

"औषध अंगभर हिंडतंय," वैद्य म्हणाले. "त्याला नेमकं गाठीपाशी नेणारं कुणीतरी हवं."

चिखलाची इवली घरटी करणारी कुंभारीण माशी पुढे आली. तिने झाडं घडवली. मधे खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना फांद्या, त्यांनाही फांद्या, असं चेंडूसारखं गोल एकेक झाड. इतकं बारीक, की मुंगीच्या पापणीवर त्यांचं अख्खं रान मावावं.

"औषध फांद्यांच्या पोकळीत भरायचं," ती म्हणाली. "शेंड्यांना लावायचा डिंक. हा फक्त गाठीला चिकटतो. चिकटला की झाड औषध सोडतं."

माकडांनी लगेच मिरवणूक काढली.

पण तरस प्रधान म्हणाले, "एवढे शेंडे, आणि त्यांवर नुसता डिंक? राणीसाहेबांचं नाव नको?"

राणीचं नाव आलं. मग प्रधानांचं आलं. मग हत्तीचं, मोराचं, माकडांचं. उरलेल्या शेंड्यांवर 'शुभेच्छुक' आले. डिंकाला जागाच राहिली नाही.

"मग झाडाला गाठ सापडणार कशी?" माशीने विचारलं.

"विचारत विचारत जाईल," प्रधान म्हणाले.

वैद्यांनी आपल्या काट्याने ती झाडं राणीला टोचली. ती भटकली आणि शेपटीत उतरली. शेपटीचे केस झडले. प्रधानांनी जाहीर केलं, की गुळगुळीत शेपटी हीच खरी शोभा. दरबार शेपट्या भादरायला धावला.

इकडे रानकुत्रे ओढा ओलांडून आले.

माशीने कुणाला विचारलं नाही. तिने नवी झाडं घडवली. शेंड्याशेंड्याला डिंक, नाव एकही नाही. वैद्यांनी ती गुपचूप टोचली. गाठ विरघळली. रानकुत्रे दरबारात शिरले आणि राणीने अशी डरकाळी फोडली, की ते आपल्या रानात पोचले तरी पळतच होते.

"हे झाड कोणाचं?" राणीने विचारलं.

शेंडे तपासले. नाव कुठेच नव्हतं.

"आमचंच," प्रधान नम्रपणे म्हणाले. "विनयामुळे लिहिलं नाही."

प्रधानांना हार घातला गेला. माशी तोवर सशाच्या पोटातल्या गाठीसाठी झाड घडवायला बसली होती.

तात्पर्य: बाळांनो, रोगी बरा करायचा असेल तर शेंड्याला डिंक लावा. मोठं व्हायचं असेल तर नाव लावा. गाठ काय, कुणीतरी विरवेलच.