भोईटेकाकांची पकड

भोईटेकाकांच्या हाती कपडे वाळत घालायचा चिमटा आला, की ते तो आधी स्वतःच्या कानाच्या पाळीला लावून बघत. मग मान हलवत. "पकड गेली, म्याडम." आणि चिमटा कचऱ्यात! दुबईत अल बर्शाला आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या मुलीची केसांची क्लिपसुद्धा अशीच नापास केली. "मम्मा, अंकल थ्रू इट अवे!" ती किंचाळली. काका शांतपणे आमटी भुरकत होते.

दुबईबाहेरच्या एका शूटिंग क्लबात ते बंदुका दुरुस्त करत. फौजेतून निवृत्त झालेले, कराडकडचे. मी तिथेच एचआरला.

त्यांचं सगळं दुःख एका नखाएवढ्या लोखंडी आकड्याचं होतं. "आवो, गोळी सुटली की रिकामी पुंगळी मागं ऱ्हाती. तिला बाहेर खेचतो तो एक्स्ट्रॅक्टर. त्याच्या मागची स्प्रिंग थकली की पुंगळी आत अडकती. मग रायफल कसली, काठी ती!" क्लबाच्या अठराही रायफलींना नव्या, कडक स्प्रिंगा हव्यात, असा अर्ज ते दर महिन्याला देत. मॅनेजर दर महिन्याला म्हणे, "इन्शाल्ला, हबीबी." जेवायच्या सुट्टीत काका माझ्या टेबलाशी येऊन विचारत, "इन्शाल्ला म्हंजी हो का नाही?" तीन वर्षांत मला ते सांगता आलं नाही.

मग मंदी आली. बिल्डर मेंबर दिसेनासे झाले, रेंजवर वाळू साचू लागली. क्लब बंद करायचं ठरलं. नोकरी संपल्याची पत्रं मीच टाइप केली, मीच वाटली. काकांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"खलास?"

"खलास, काका."

त्याच आठवड्यात कुरिअरने स्प्रिंगा आल्या. कोणीतरी कधीतरी ऑर्डर दिली होती आणि ती रद्द करायला कोणी उरलं नव्हतं. काका चार दिवस वर्कशॉपमधून हलले नाहीत. बोल्ट उघडायचा, जुनी स्प्रिंग काढायची, नवी बसवायची, रिकाम्या रेंजवर जाऊन दहा गोळ्या झाडायच्या.

"काका, परवा या सगळ्या सील होणार. कशासाठी करताय?"

"उद्या कुणाच्या तरी हातात जातील. त्याची फजिती नको." चौथ्या दिवशी ते तेलकट हातांनी दारात उभे राहिले. "अठराच्या अठरा. एक पुंगळी अडकली नाही." ते ऐकायला क्लबात मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी काका व्हिसा रद्द करायला आले, तेव्हा मी त्यांची फाइल काढली. 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात बायकोचं नाव खोडलेलं होतं. शेजारी काकांच्या अक्षरात माझं नाव, माझा मोबाइल. नात्याची जागा कोरी.

"काका, हे काय?"

ते खुर्चीत अवघडून बसले. "दोन वर्षं झाली मंडळींना जाऊन. इथं काम चालू हुतं, कुणाला बोललो नाही. मग मॅनेजरसाहेब म्हणाले, फॉर्म नीट करा. दुसरं नाव सुचंना. तुम्ही रोज इचारता न्हवं, काका जेवलात का?"

हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायचे. ड्रायव्हरला, चहावाल्याला, येईल त्याला. बऱ्याचदा उत्तर ऐकायला थांबायचेही नाही.

मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी सही करायची जागा विचारली. मी बोटाने दाखवली.