सोबतीला मुंजाजी

मुंजाजी माणसाच्या तोंडाकडं नंतर बघतो, आधी त्याची लांबी बघतो. पायाच्या अंगठ्यापासून निघालेली त्याची नजर टाळूला जाऊन थांबते आणि मग तो स्वतःशीच मान हलवतो. परगावच्या माणसाला वाटतं, काय नम्र माणूस आहे, पायापासून बघतो! गावातल्या माणसाला मात्र घाम फुटतो. कारण आमच्या गावात कुणीही गेलं की तिरडी मुंजाजीच बांधतो.

हे काम त्याला कुणी नेमून दिलेलं नाही. घरची थोडी हळद आहे, एक म्हैस आहे, त्यात त्याचं भागतं. पण बांबू चिरण्यापासून राख सावडण्यापर्यंत सगळं त्याच्याच हातचं लागतं. मयताला अंघोळही तोच घालतो. "इतके गेले माझ्या हातून," तो छाती पुढं काढून सांगतो, "पर एकानं बी तक्रार केली न्हाई."

लग्नाच्या मांडवात शिरला की आधी खांबाचा बांबू बोटानं वाजवून बघणार. "चांगला हाय. कामाचा हाय." नवरीचा बाप तिथल्या तिथं पांढरा पडतो. निवडणुकीच्या वेळी एक जाडजूड उमेदवार हात जोडत दारोदार फिरत होता. मुंजाजीनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाला, "चौघांचं काम न्हाई गा. सहा लागतील." मागं सरपंचाच्या आईला ताप आला, तेव्हा हा बिचारा विचारपूस करायला गेला. सुनेनं दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, "अजून टाईम हाय, भाऊजी!"

त्याची बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. "त्या हातानं भाकर मोडतात, मला घास जात न्हाई," असं ती म्हणाली म्हणतात. मुंजाजी याबद्दल कधी बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. मी गावात पिठाची गिरणी चालवतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो येऊन पोत्यावर बसायचा. कुणी दळण घेऊन आलं की आपणच उठून मागच्या दारानं निघून जायचा.

आता माझ्यावर काय आलं ते सांगतो. मला साखरेचा आजार. चपलेनं पायाला घासलं, त्याची जखम झाली, जखम चिघळली आणि पाय काळा पडत गेला. घरचे आणि मुंजाजी मला नांदेडला घेऊन गेले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखालून उजवा पाय काढला. नंतर ड्रेसिंगसाठी आणि चालायला शिकण्यासाठी मला कळमनुरीच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या एका विश्रांतीगृहात ठेवलं. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खाटा. ऑपरेशन होऊनही घरी पाठवता येत नाहीत अशी माणसं तिथं असायची. सोबतीला घरचं एक माणूस लागायचं.

पोरगं पुण्याच्या कंपनीत. त्याची सुट्टी संपली होती. बायकोला, सुमनला, गिरणी बंद ठेवून चालणार नव्हतं. अशा वेळी मुंजाजी पिशवी घेऊन दालनाच्या दारात उभा राहिला. "म्हैस शेजारी बांधली. मी थांबतो."

सुमननं तोंड फिरवलं. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "ह्यालाच काहून? दुसरं कोनी न्हाई का?"

दुसरं कोणी नव्हतं.

सुरुवातीला दालनात मुंजाजीचं कौतुक झालं. माणूस कुशीवर कसा वळवायचा, न उठवता खालची चादर कशी काढायची, हे त्याला सफाईनं यायचं. समोरच्या खाटेवर खुब्याचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी होती. तिनं तर त्याच्याकडून उशी नीट करून घेतली. "कुठं शिकला रे बाबा?" तिनं विचारलं. "असंच, गावात," मुंजाजी म्हणाला.

मग एके दिवशी आमच्या शेजारगावचा एक माणूस कुणाला तरी भेटायला आला. मुंजाजीला बघून तो भर दालनात म्हणाला, "आरं मुंजाजी! तू हितं? कोन गेलं?"

म्हातारीनं डोक्याखालची उशी काढून खाली टाकली आणि सिस्टरला म्हणाली, "ह्यो बाबा माझ्याकडं बघून राहिला. आडवा पडदा लावा." त्या दिवसापासून मुंजाजी आमच्या खाटेपलीकडं गेला नाही.

मला मात्र त्याच्या हाताखालून सुटका नव्हती. पहिल्या अंघोळीला त्यानं मला खुर्चीवर बसवलं, कापलेल्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि काही न बोलता तांब्यामागून तांब्या ओतायला लागला. पाणी कढत होतं. मी किंचाळलो. मुंजाजीच्या हातातून तांब्याच पडला.

"आरं, भाजतंय मला!"

"व्हय रे," तो घाबरून म्हणाला. "तुला भाजतंय. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

पुढं मग प्रत्येक तांब्याला, "गरम हाय? थंड हाय? तकलीफ न्हाई ना?" शेवटी मीच म्हणालो, "बाबा, विचारू नको, मुकाट्यानं ओत."

हसण्यासारखं तेवढंच. बाकी दिवस वाईट गेले. नसलेल्या पायाची बोटं दुखायची. खाजवायला हात खाली न्यावा तर हाताला चादर लागायची. वॉकर आणून ठेवला होता, मी त्याला हातसुद्धा लावला नाही. सिस्टर रागावल्या, समजावून गेल्या. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. जेवणही नकोसं झालं. एका पायाचा माणूस गिरणीत काय करणार? पोत्यासारखा पडून राहणार, आणि बायको दळणार.

एका दुपारी मुंजाजी वरणात भाकरी कुस्करून घेऊन आला. मी ताट लोटलं. म्हणालो, "मुंज्या, बांबू आनून ठीव. आता आखूड बांधली तरी चालंल. एक पाय तर आधीच गेला. कुत्र्यांनी कुठं उकिरड्यावर वढून नेला आसंल."

तो वाकून सांडलेलं वरण पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"कुत्र्यांनी न्हाई," तो म्हणाला. "म्या नेला."

मला कळेना. मग त्यानं सांगितलं. माझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा तो बाहेरच बसला होता. पाय जाळायला पाठवतात असं तिथल्या कामगारानं सांगितलं. मुंजाजीनं हातापाया पडून तो मागून घेतला. नव्या धोतरात गुंडाळला, ओळखीच्या टेम्पोतून गावाकडं आणला आणि कयाधूच्या काठावर, आपल्या मसणवट्यात, वेगळी चूल मांडावी तशी लाकडं रचून त्याला अग्नी दिला.

"सुमनला सांगितलंस?"

"न्हाई. बायामानसं भितात. गडीमानसं हसतात. कोनाला सांगू?"

"एकटाच होतास?"

"एकटाच." तो बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला. "दत्ता, इतक्या जनांना नेलं, डोळ्यात पानी न्हाई आलं. चौघं आसतात, वजन वाटलं जातं. ते तर एवढंसं गाठोडं. लेकरासारखं कवळ्यात घेतलं. रस्त्यानं समदा येळ रडून राहिलो."

तोच पुढं म्हणाला, आता जरा रागानं, "तू आता मराच्या गोष्टी नको करू. समदं गाव मेल्यावरच येतं माझ्याकडं. जित्तेपनी बोलनारा तू एकलाच हायस."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "उठव मला."

त्यानं मला काखेत धरलं. पण त्याला सवय आडव्या माणसाची. उभ्या माणसाचा तोल कसा सांभाळायचा ते त्याला कुठं माहीत? आम्ही दोघंही धाडकन खाटेवर पडलो. पडद्याआडून म्हातारी ओरडली, "गेला का?" आणि मुंजाजी माझ्या अंगाखालून म्हणाला, "न्हाई आजी! वजनदार हाय, पर जित्ता हाय!" म्हातारी हसली. दालनात आणखी कुणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला सिस्टरनं वॉकर धरला, आणि मी उभा राहिलो.

आता मला जयपूर फूट आहे. लांब चालवत नाही, पण गिरणीपुरता चालतो. पाय दुखतो; जो आहे तोही आणि जो नाही तोही. पायाचं काय झालं ते मी सुमनला सांगितलं. ती ऐकून न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुंजाजीला घरात बोलावून आमच्या पंगतीला बसवलं. तो खाली मान घालून जेवला.

तेव्हापासून तो घरी येतो. पण अजूनही गल्लीच्या तोंडाशी आला की तिथूनच मोठ्यानं ओरडतो, "सहज आलो गा, सहजच आलो!"

कुणी दचकू नये म्हणून.