मानेखाली स्वामिनाथराव

पोंगल संपल्यावरच्या मंगळवारी सकाळी, कुंभकोणमहून पट्टीश्वरमला जाणाऱ्या रस्त्यावर, एका दिवंगत दानशूर गृहस्थाच्या सिमेंटच्या पुतळ्याला मलम चोळताना स्वामिनाथराव पोलिसाला सापडले. मलम सांधेदुखीचं होतं. जागा उजवा गुडघा. पुतळ्याची धोतरासारखी वेष्टी गुडघ्यावर दुमडलेली असल्यामुळे अडचण आली नव्हती.

“हा पाय कुणाचा?” पोलिसानं तमिळमध्ये विचारलं.

“माझा.”

“आणि वरचं तोंड?”

“ते मला काय माहीत? मानेखाली मी. वर कुणाला बसवलंय, ते तुम्ही शोधा.”

पोलिसानं मला फोन लावला. शेजारी म्हणून रावांनी माझा नंबर दिला होता. मी गेलो आणि सांगितलं, की गृहस्थ बोलतात ते खरं आहे.

स्वामिनाथरावांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावर मुलखात आले. राव अजून घरात तीच जुनी मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ. पेशा म्हणाल तर उभं राहणं. कुंभकोणमच्या कलाशाळेत विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. त्यांना बघून शिकलेली पोरं पुढे गावोगाव पुतळे करू लागली आणि हाताला सवयीचं झालेलं शरीर सगळीकडे वापरू लागली. त्यामुळे सुंदरपेरुमाळ कोयिलला एका शेतकऱ्याच्या पुतळ्याची पाठ रावांची आहे. तिरुनागेश्वरमला एका छोट्या देवळावरच्या चुन्याच्या द्वारपालाचे हातही त्यांचेच. द्वारपालाला हात चार आहेत.

“दोन माझे,” राव सांगतात, “दोन देवानें पदरचे घातले.”

चेहरा मात्र कुठेच त्यांचा नाही. चेहरा ज्याचा पुतळा त्याचा. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. “मानेखालीं मीच,” एवढं ते ऐकवतात.

नव्या पद्धतीच्या शिल्पांबद्दलही त्यांच्या मनात अढी नाही. एका विद्यार्थ्यानं एकदा लोखंडी पत्र्याचा माणूस केला. पोटाच्या जागी आरपार भोक होतं. रावांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“हें मी?”

“होय, राव सार.”

“सरी, बरें. सकाळीं इडली खाल्ली नव्हती, तें बरोबर आलें आहे.”

या पेशानं त्यांना एक खोड लावली. राव मान वळवत नाहीत. मागून हाक मारली, तर अरुंद गल्लीत बैलगाडी वळावी तसे ते अख्खेच्या अख्खे वळतात. “मॉडेलानें मान वळवली कीं मूर्ति गेली,” हे त्यांचं पालुपद. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाईंनी संसारभर समोर येऊनच त्यांना हाका मारल्या. बाई गेल्या वर्षी आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, वारल्या. त्यांच्या पाठीला राव रोज संध्याकाळी मलम चोळायचे. ती बाटली अर्धी उरली होती. पुतळ्याच्या गुडघ्याला लावलं ते तेच मलम.

“तुमचा गुडघा दुखतो, तर तुमच्या गुडघ्याला लावा,” मी परतताना म्हणालो.

“दोहींकडे लावतों. उन्हापावसांत उभा तो राहतो. मी घरीं असतों.”

रावांचं माझ्यावर ऋण आहे, ते इथे नोंदवतो. वर्तमानपत्राच्या नोकरीसाठी मी या गावात आलो आणि तळ्याच्या पायऱ्यांवरून घसरून पाठीचा कणा दुखावून घेतला. शस्त्रक्रियेनंतर मला उभं राहता येईना. राव रोज सकाळी येऊन समोर उभे राहायचे.

“दोन्ही पायांवर सारखा भार नको देऊं, अप्पा. तसा शिपाई उभा राहतो. आपल्या पंचधातूच्या देवांकडे बघ. एका पायावर भार, दुसरा मोकळा. म्हणून तर ते इतकीं शतकें उभे राहिले.”

मी देवांसारखा उभा राहिलो. नंतर चाललो. आज मी चालतो, ते रावांमुळे.

पोलिसाच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी कलाशाळेतल्या प्राध्यापक बाईंचा रावांना फोन आला. जुनी शेड पाडायची होती. “आतलं हवं ते उद्यापर्यंत न्या, राव सार. बाकीचं फोडून भरावात जाईल.”

राव माझ्या दारात आले. घाम पुसत होते.

“मीनाक्षी तिथें आहे,” ते म्हणाले.

फार पूर्वी मीनाक्षीबाई त्यांना कॉफी द्यायला वर्गात गेल्या होत्या. एका विद्यार्थ्यानं त्यांना रावांच्या मागे, मोगऱ्याचा गजरा ओवत बसायला सांगितलं. राव पुढे उभे. मान वळवायची नव्हती, म्हणून वळवली नाही. बाईंची मूर्ती झाल्यावर त्या लाजल्या आणि बजावलं, “पोरांनीं पाहिलें तेवढें पुरे. तुम्ही बघायचें नाहीं.” त्यांनी पाहिलं नाही.

शेडमध्ये प्लास्टरच्या तीन बसलेल्या बायका होत्या. छत गळून गळून तिघींचे चेहरे विरघळले होते. तिघींच्या मांडीवर हात, हातांची बोटं तुटलेली. प्राध्यापक बाई नंतर रुजू झालेल्या, त्यांना काही सांगता येईना.

“तिन्ही न्या,” त्या म्हणाल्या.

“परक्या बायका घरांत आणल्या तर ती काय म्हणेल?” राव म्हणाले.

त्यांनी तिघींकडे निरखून पाहिलं. काही उमगलं नाही. मग ते पहिलीच्या मागे बसले, डोळे मिटले आणि तळहात तिच्या पाठीवरून सावकाश खाली नेला. रोज मलम चोळत तसा. “ही नव्हे,” म्हणाले. दुसरीच्या मागे गेले. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली त्यांचा हात थांबला आणि अंगठा तिथेच गोल फिरू लागला.

“इथें,” ते म्हणाले. “इथें दुखायचें तिला.”

मूर्ती आम्ही जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवली. मागच्या सीटवर मी तिला धरून बसलो. राव पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी.

“समोर बघा, तात्ता,” ड्रायव्हर या आजोबांना दोनदा म्हणाला.

कलाशाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत राव मान मागे वळवून बसले होते.